समितीला शिव्या घालण्याआधी एकदा टेंडर वाचा

शाडूमाती:

काल इथे ‘स्पष्टवक्ता बडोदा’ यांनी एक पोस्ट टाकली. थोडक्यात म्हणणं असं: बडोद्यातल्या नव्या सरकारी इमारतीवर कुठलं चित्र किंवा शिल्प लावायचं ते इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या चार दाढीवाल्यांनी ठरवू नये. तीन डिझाइनं मोबाइलवर टाका, शहराला मत देऊ द्या, ज्याला जास्त अंगठे ते भिंतीवर. खाली टाळ्याच टाळ्या. दुर्लक्ष करणार होते, पण पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात, म्हणून लिहून मोकळी होते.

कुठली समिती हो? बावीस वर्षं भित्तिशिल्पं करतेय, समितीसमोर उभी राहिले ती दोनदा. बाकी सगळं टेंडर. एका इमारतीचं सांगते, गाव सांगत नाही. भित्तिशिल्पाची बाब कुठे होती? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगखाली आणि ‘कंपाउंड गेटला ऑइल पेंट, दोन हात’ याच्या वर. दर चौरस फुटावर. अटी काय, तर तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, अनामत रक्कम. विषय काय असावा, कुणी बघायचं, एक ओळ नाही. मी हौसेनं मातीचा छोटा नमुना करून खोक्यातून नेला होता. टेबलावरच्या माणसानं खोक्यावर फाइल ठेवली आणि म्हणाला, “दराचं पाकिट कुठंय?” काम मिळालं दुकानांच्या पाट्या करणाऱ्या ठेकेदाराला. त्याचा दर सगळ्यात कमी.

गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, कीर्ती मंदिरात, जाऊन या एकदा. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस 1939 पासून 1946 पर्यंत येऊन-जाऊन चार भिंती रंगवत होते: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा, महाभारताचं युद्ध. सात वर्षं! आता मुदत नव्वद दिवस, पावसाळा धरून.

तेव्हा लोकांना दाढीवाल्यांपासून वाचवायचं राहू दे. दाढीवाले त्या खोलीत शिरतच नाहीत.

स्पष्टवक्ता बडोदा:

ताई, दुःख समजलं, पण माझ्या मुद्द्याला उत्तर नाही. भिंत माझ्या घरपट्टीतून बांधलेली, मग चित्र मी का निवडू नये? संध्याकाळी सूरसागर तलावावर जा. महादेवाच्या मूर्तीसमोर माणसं उभी असतात, लेकरांना खांद्यावर घेऊन फोटो काढतात. तुमच्या लोकांनी ठेवलेल्या वाकड्या लोखंडापुढे कधी कुणी हात जोडले? तुम्हाला समितीत बसवलं की भिंतीवर तीन भोकं आणि एक काळा ठिपका येणार, आणि खाली लिहिलेलं असणार ‘अवकाश’.

वाकळ वाडा:

‘अवकाश’ 😂 अगदी बरोबर.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

मी एकतीस वर्षं सरकारी बांधकामात काढली, त्यामुळे टेंडरला शिव्या पडल्या की त्या मला पोचतात. मॅडम, फाइलवर ‘नमुना सुंदर वाटला’ असं लिहून मी दीडपट दराचं काम तुम्हाला दिलं असतं, तर ऑडिटवाल्यानं विचारलं असतं: सुंदरचा दर एसओआरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, कुठल्या पानावर आहे? पेन्शन तुमची अडकत नाही, आमची अडकते. सगळ्यात कमी दर हा काही आमचा छंद नाही. कुणाच्या मेहुण्याला काम जाऊ नये म्हणून तो नियम आला.

आणि कीर्ती मंदिराचं उदाहरण देताना हेही सांगा की नंदलाल बोसांना बोलावताना सयाजीराव महाराजांनी कोटेशनं मागवली नव्हती. राजवाड्यासाठी रविवर्म्याकडून चौदा चित्रं घेतली, इटलीहून फेलिची हा शिल्पकार आणला, काळ्या घोड्याचा पुतळा 1907 चा, तो इंग्रज शिल्पकाराचा. राजाची नजर आणि राजाचा खजिना. तुम्हाला समिती नकोच आहे, तुम्हाला महाराज हवेत.

शाडूमाती:

महाराज 1939 च्या फेब्रुवारीत गेले, काका. काम 1946 ला संपलं. राजा गेल्यावरही कुणी ‘आता उरलेल्या भिंतींना डिस्टेंपर मारा’ म्हणालं नाही. याला काय म्हणतात माहितीये? आधी विचार करून माणूस निवडणं, आणि मग त्याला काम करू देणं.

आणि राजाच लागतो असंही नाही. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेसमोरचे यक्ष-यक्षी बघा. स्वतंत्र भारतातली कचेरी, नऊ कलावंतांना विचारलं, पाच जणांनी प्रस्ताव पाठवले, त्यातून शिल्पकार रामकिंकर बैज निवडले गेले. निवडताना तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

आणि पूर्ण कधी झालं तेही लिहा. 1967! पन्नाशीच्या दशकात सुरू झालेलं काम. शिवाय यक्षी उघडी का, म्हणून संसदेत प्रश्न विचारला गेला. असला एक प्रश्न विधानसभेत आला ना, तर उत्तराचा मसुदा करायला रात्री अकरापर्यंत बसणारा माणूस मी असायचो.

फतेहगंज ते एडिसन:

इथे शेजारच्या फिलाडेल्फियानं 1959 मध्येच ठरवलं की इमारतीच्या खर्चाचा ठरावीक टक्का कलेसाठी. पैसा आधीच बाजूला निघतो, त्यामुळे वॉटरप्रूफिंगखाली बाब टाकावी लागत नाही. आपल्याकडे हे का जमू नये?

स्पष्टवक्ता बडोदा:

आलं, अमेरिकेहून आलं.

फतेहगंज ते एडिसन:

आलं तर पुढचंही ऐका, तुमच्याच फायद्याचं आहे. न्यूयॉर्कला सरकारी कचेऱ्यांच्या चौकात 1981 मध्ये रिचर्ड सेरा यांची 120 फूट लांब, 12 फूट उंच गंजक्या रंगाची पोलादी भिंत बसवली. निवड तज्ज्ञांची. तिथले कारकून वैतागले, रोज वळसा घालून जावं लागे. 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली, 1989 मध्ये ती कापून नेली.

स्पष्टवक्ता बडोदा:

बघा! लोक जिंकले.

फतेहगंज ते एडिसन:

पूर्ण वाचा की. सुनावणीत ठेवा म्हणणारे 122 होते, काढा म्हणणारे 58. तरी काढली. लोकांचं मत घेतलं आणि नंतर हवं तेच केलं. तुमच्या अंगठ्यांचंही हेच होणार.

मांडवीचे नाना:

वाद विद्वत्तेचा चालू आहे, त्यात मी अडाण्यानं एक विचारतो. चित्र लागल्यावर त्यावर थुंकणार नाहीत याची व्यवस्था कोण करणार? परवा एका कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. तीन मजले जिना. प्रत्येक कोपरा लाल. फक्त एका कोपऱ्यात देवाच्या टाइल्स होत्या, तो स्वच्छ. समिती नाही, मतदान नाही, कलावंत नाही, आणि काम चोख.

वाकळ वाडा:

नाना 👌 शहरातलं सगळ्यात यशस्वी पब्लिक आर्ट!

स्पष्टवक्ता बडोदा:

मला तो प्रकार मुळीच पटत नाही. देव काय थुंकदाणीचा राखणदार आहे? आधी तिथे थुंकलेलं असतं, त्यावरच सिमेंट लावून गणपती चिकटवतात.

मांडवीचे नाना:

भावना दुखावल्या तर दुखावू देत, जिना तर स्वच्छ राहतो. आणि एकटा गणपती पुरत नाही. साईबाबा, क्रॉस, मक्का, सगळे ओळीनं लावावे लागतात, नाहीतर दुसऱ्या धर्माचा थुंकतो. एवढा सर्वधर्मसमभाव मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात पाहिला नाही.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

मी स्वतः बसवून घेतल्यात. आठ बाय बाराच्या ग्लेझ्ड टाइल्स. ‘डॅडो दुरुस्ती’, म्हणजे भिंतीच्या खालच्या पट्ट्याची दुरुस्ती, या बाबीत जातात. पण माझा अनुभव सांगतो, दोन टाइल्समध्ये वीतभर जागा राहिली की बरोबर त्या वितीत पिचकारी येते. नेम पाहण्यासारखा असतो.

शाडूमाती:

आपण टाइल्सवर का बोलतोय?

मांडवीचे नाना:

कारण टाइल्स लागतात, ताई. तुमचं भित्तिशिल्प अजून खोक्यात आहे.

पेंटरची मुलगी:

मी फक्त वाचते इथे, कधी लिहीत नाही, पण टाइल्सचा विषय निघाला म्हणून.

माझे बाबा पाट्या रंगवायचे. रावपुऱ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, फ्लेक्स येईपर्यंत. एका सरकारी इस्पितळानं त्यांना जिन्याच्या कोपऱ्यांत देव रंगवायला बोलावलं. बाबा म्हणाले, माणसांच्या गुडघ्याखाली मी देव काढणार नाही. साहेब चिडले. मग बाबांनी त्यांना न विचारताच एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन काढलं. कोनाड्यात पेटलेली पणती, आणि पणतीचा पिवळा उजेड खालच्या खऱ्या पायरीवर पडलाय असं दाखवायला पायरीवरसुद्धा थोडा रंग नेला. मी दहा वर्षांची होते, डबा घेऊन जायचे. एक बाई चप्पल काढून त्या पायरीवरून गेली, ते मी पाहिलंय. तिथे कुणी थुंकलं नाही. साहेबांनी मग बाकीच्या कोपऱ्यांतही तेच काढा म्हणून सांगितलं, पैसे अर्धेच दिले. दोन वर्षांनी मंत्री येणार म्हणून एका रात्रीत सगळ्या जिन्याला चुना मारला. बाबांना कुणी कळवलंही नाही. आम्ही आजीला दाखवायला नेलं तेव्हा कळलं.

निवड कशी करावी ते मला माहीत नाही. पण पुसायच्या आधी तरी कुणाची तरी सही लागावी.

शाडूमाती:

🙏 अगदी! हाच नियम हवा. फतेहगंजच्या चौकातलं शिल्पकार नागजी पटेलांचं वडाचं शिल्प आठवा. वडोदऱ्याच्या नावातच वड, म्हणून दगडात कोरलेला वड. उड्डाणपूल आला आणि तो हलला.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

पूल नको होता का? तिथे सिग्नलला अर्धा तास उभे राहिला असाल तर सांगा.

शाडूमाती:

पूल हवा होता. नकाशा काढताना त्या टेबलावर एक माणूस असा हवा होता, ज्याला खांब दहा मीटर सरकवता येईल का एवढं विचारायचा हक्क आहे.

वाकळ वाडा:

महाराष्ट्रात पुतळ्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते ना? मालवणच्या राजकोटचा 35 फुटी पुतळा डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला, ऑगस्ट 2024 मध्ये पडला. मंजुरी मातीच्या छोट्या नमुन्याला होती. घ्या तुमची समिती.

शाडूमाती:

नमुना कसा दिसतो ते त्यांनी पाहिलं. तोच मोठा केल्यावर वारा त्याचं काय करेल, हे पाहणारा कुणी नव्हता. हा समिती कमी पडल्याचा दाखला आहे, जास्त झाल्याचा नाही.

स्पष्टवक्ता बडोदा:

म्हणजे समिती चुकली तरी समितीच बरोबर. वा! 2007 मध्ये फाइन आर्ट्सच्या परीक्षेतल्या देवदेवतांच्या चित्रांवरून शहरात केवढा गदारोळ झाला होता, विसरलात? तुम्हाला सामान्य माणसाच्या भावना तेव्हाही कळत नव्हत्या, आताही नाहीत.

शाडूमाती:

2007 काढू नका. त्या आठवड्यात मी तिथे दारात होते, तुम्ही नव्हता. आणि सामान्य माणूस म्हणजे कोण हो? माझी आई घरोघर खाकरे विकून मला शिकवत होती. चित्रकार बेंद्रे आणि शिल्पकार शंखो चौधरींनी जिथे शिकवलं त्या आवारात मी सायकलवरून पाव किलो शाडू घेऊन जायचे. तुमच्याइतकीच घरपट्टी भरते मी.

मांडवीचे नाना:

दोघं पाणी प्या. गणपतीचा कारखाना आठवा. मंडळाची पोरं आषाढातच मूर्तिकाराच्या मांडवात जाऊन बसतात, डोळे, सोंड, हात बघतात, मग सुपारी देतात. कुणी चौरस फुटाचा दर विचारत नाही. आणि वर्गणी सगळ्या फळियाची, म्हणजे गल्लीची, असते.

स्पष्टवक्ता बडोदा:

हे मान्य. पण ती पोरं फळियातली आहेत, प्रोफेसर नाहीत. माझं म्हणणं तेच होतं.

शाडूमाती:

पण ती मांडवात जाऊन बसतात, मोबाइलवर अंगठा नाही देत. चला, इतकं पुष्कळ झालं: फळियातली दोन माणसं समितीत हवीत, हे मी मानते. नमुना हाताळायला येणार असतील तर.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

आता एक सांगतो, पण माझ्या नावानं कुठे पुढे पाठवू नका. सगळी गफलत एका शब्दाची आहे. फाइलीत शिल्पाला ‘काम’ किंवा ‘वस्तू’ लिहिलंत की कमी दरवालाच येणार. सल्लागार नेमताना मात्र गुण आणि दर दोन्ही धरतात, क्यूसीबीएस म्हणतात त्याला. आर्किटेक्ट तसेच नेमले जातात. कलावंताला पहिल्या दिवसापासून आर्किटेक्टच्या चमूत सल्लागार म्हणून घ्या. मग नमुन्याचं खोकं आधी उघडतं, पैशाचं पाकीट नंतर. ऑडिटलाही तोंड देता येतं. हे मला नोकरीत असताना सुचलं होतं.

शाडूमाती:

मग केलं का नाहीत?

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

बदली झाली असती. आणि तुम्ही तुमच्या त्या टेंडरबद्दल पूर्ण सांगितलेलं नाही असं मला वाटतंय. पाट्यांच्या ठेकेदाराला रिलीफ, म्हणजे उठावाचं काम, येत नाही. ते काम शेवटी कुणी केलं?

शाडूमाती:

मी.

स्पष्टवक्ता बडोदा:

काय?

शाडूमाती:

महिन्यानं त्याचाच फोन आला. “मॅडम, हाथी-घोडा कुछ भी चलेगा, एरिया भरना चाहिए.” त्याला मिळालेल्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यात. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. खोक्यातला नमुना बाजूला ठेवला आणि फायबरमध्ये हत्तींची मिरवणूक केली. एरिया भरला.

पेंटरची मुलगी:

ताई, नाव आहे का तुमचं त्यावर?

शाडूमाती:

उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे. त्यावर अकरा नावं आहेत, माझं नाही. गेल्या वर्षी त्याच कचेरीत एका दाखल्यासाठी जावं लागलं. नाना, तुम्हाला आनंद होईल, शेवटच्या हत्तीच्या पायाशी आता तीन टाइल्स बसवल्यात. मधले साईबाबा तिरके बसलेत.

मांडवीचे नाना:

मग थुंकत नसतील.

शाडूमाती:

टाइल्सवर नाही. जरा वर, हत्तीच्या पोटावर.

निवृत्त डेप्युटी इंजिनियर:

तिरक्या टाइलचं बिल पास कुणी केलं?