लालबाग: एसीच्या युनिटवर कबुतर सोलणारा पक्षी कोणता?

गच्चीवाली
आमच्या टॉवरला एकविसाव्या मजल्याबाहेर डिसेंबरपासून एक पक्षी येऊन बसतो. पाठ राखाडी, छाती पांढरट, पोटावर बारीक आडव्या रेघा, गालावर ओघळलेली काळी मिशी, डोळे काळेभोर. कबुतर आणून सोलतो आणि पिसं आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी गरुड म्हणतं, कोणी ससाणा. सासूबाई घारीवर ठाम. सगळे एकाच कुळातले ना?

परळचा पंक्या
घारच हो. देवनारच्या कचराडेपोवर जाऊन बघा, आभाळ भरलेलं असतं.

खाडीकाठ
पंक्याशेठ, घार सगळी तपकिरी, शेपटीला मधे खाच, आणि पोट भरते ते बहुतेक मेलेल्या-टाकलेल्यावर. मिशी आणि काळे डोळे म्हणजे बहिरी ससाणा. छाती पांढरी, म्हणजे उत्तरेकडून थंडीपुरता आलेला. आपल्या सह्याद्रीतला शाहीन त्याचीच उपजात, पण तो पोटाकडून तांबूस. उंच टॉवर त्याला कड्यासारखाच, वर मुंबईत कबुतरांना काय तोटा! उन्हाळा लागला की जाईल, तोवर कपडे आत वाळवा.

आता कुळाचं. गरुड, घार, शिक्रा, आपली गिधाडंसुद्धा ॲक्सिपिट्रिडी कुळातली. ससाणा त्यात नाही! बाकदार चोच आणि नख्या बघून पूर्वी सगळ्यांना एकाच गणात (कुळांच्या वरचा गट) घालायचे. 2008 च्या मोठ्या डीएनए अभ्यासात ससाण्याचे जवळचे नातलग निघाले पोपट आणि चिमण्या-बुलबुल. मला हे अजून नीट पचलेलं नाही, पण पुढच्या अभ्यासांतही तेच आलं. मारायची तऱ्हाही वेगळी. शिक्रा नख्यांत आवळून मारतो, ससाणा चोचीने मान मोडतो. त्यासाठी वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं टोक असतं. जवळून फोटो मिळाला तर दिसेल.

गच्चीवाली
पोपटाचा भाऊबंद! सासूबाई ऐकायच्या नाहीत. आणि खालच्या पिंपळावर एक लाल डोळ्यांचा असतो, कबुतराएवढाच, तो?

खाडीकाठ
शिक्रा, आणि तोही वयात आलेला नर. पिल्लांचे डोळे पिवळे असतात. सरडे, चिमण्या, उंदीर, काहीही चालतं त्याला. शास्त्रीय नाव शोधाल तर गोंधळाल: इतकी वर्षं तो ॲक्सिपिटर वंशात होता, 2024 मध्ये टॅकिस्पायझात हलवला. माझ्या पुस्तकात पेनाने खोडून लिहिलंय.

परळचा पंक्या
मग देवनारवरचे?

खाडीकाठ
त्या घारीच, पंक्याशेठ.