मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या देखभालीची नोंद कशी ठेवावी?

अर्धवट_ओहोटी :
घरी दोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि देखभालीची नोंद ठेवण्याचे माझे सर्व प्रयत्न फसले आहेत. आधी वही घातली, ती तीन आठवड्यांत मागे पडली. मग संगणकावर तक्ता केला. पण तक्ता एका खोलीत आणि मी ओल्या हातांनी दुसऱ्या खोलीत, अशी स्थिती झाली. शेवटी फोनवर स्मरणसूचना लावल्या, त्या भलत्या वेळी वाजतात आणि मी त्या बंद करतो. परिणामी पाणी शुद्ध करणारा कार्बन शेवटचा कधी बदलला हे मला आज सांगता येत नाही, आणि मागच्या आठवड्यात १.०२५ असलेले, पाण्याचा खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व काल १.०२७ भरले. पाणी कसे बदलावे हे मला ठाऊक आहे, ते कृपया शिकवू नये. टिकेल अशी नोंदीची पद्धत तेवढी सांगावी, तीही लवकर, कारण शुक्रवारी मी पुन्हा पाच दिवस बाहेरगावी जाणार आहे.

सम्पवाला :
टाकी किती लिटरची आहे? प्रवाळ आहेत की नुसते मासे? बाष्पीभवनाने घटलेले पाणी आपोआप भरले जाते की हाताने? नुसत्या माशांच्या टाकीत खारटपणा, तापमान आणि नायट्रेट यांच्या नोंदींवर बहुधा भागते; परंतु कठीण प्रवाळ आपला सांगाडा बांधताना पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) सतत वापरत असल्यामुळे तेथे आठवड्यातून किमान एकदा मोजणी लागतेच. तेव्हा काय नोंदवायचे, हे आधी ठरू द्या.

वहीच_बरी :
तुमची वही फसली, कारण ती कोरी होती. एका कागदावर कामांचे रकाने आखून तो टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधा. शाई ओल्या बोटांनी पसरते. मुख्य म्हणजे रकान्यात बरोबरची खूण न करता तारीख लिहा. स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) पेला, गाळणीची पिशवी, कार्बन, पंपाची व्हिनेगरमधील सफाई, या प्रत्येकाची पुढची पाळी मागचे काम प्रत्यक्ष झाले त्या दिवसापासून मोजायची असते, ठरलेल्या वारापासून नाही. माझा कागद सहा वर्षे चालू आहे (अर्थात दर वर्षी नवा).

आकडेमोड :
कागदावर कल दिसत नाही, हा त्यातील मूळ दोष आहे. माझ्याकडे अल्कलिनिटी ओळीने ८.६, ८.२ आणि ७.८ आली होती. यांपैकी कोणताही आकडा सुटा पाहिला असता तर मी निश्चिंत राहिलो असतो. आलेखावर मात्र उतार दिसला आणि प्रवाळ वाढल्यामुळे अल्कलिनिटी भरून काढणारा डोस अपुरा पडतो आहे हे वेळेत कळले. तक्ता फोनवरच ठेवावा आणि मोजणी दर वेळी एकाच सुमारास करावी, कारण अल्कलिनिटी दिवसभरातही थोडी हलते.

वहीच_बरी :
तीन आकडे उतरताना दिसण्यासाठी आलेख लागत नाही, ते एकाखाली एक लिहिलेले असले की पुरते.

शंकेखोर :
आपण दोघे वाद घालण्यापूर्वी त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजण्याचे उपकरण) बरोबर दाखवतो का, हे कोणी विचारले आहे का? तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ असलेल्या) प्रमाणित द्रावणाने तपासावा. आरओ (क्षार काढलेल्या) पाण्यात शून्य दाखवणारे उपकरण समुद्राच्या खारटपणाशी चुकू शकते.

नवा_छंदी :
काचेवर हिरवा थर येत असेल तर टर्बो गोगलगायी सोडाव्यात. माझ्या टाकीत त्यांनी उत्तम काम केले.

अर्धवट_ओहोटी :
काचेबद्दल मी काहीच विचारलेले नाही. टाकी २०० लिटरची आहे, मऊ प्रवाळ अधिक आणि कठीण तीन-चार आहेत, सम्प (टाकीखालची जोडटाकी) नाही. रिफ्रॅक्टोमीटर काल त्या द्रावणानेच तपासला, तो बरोबर आहे. घटलेले पाणी, रोज सुमारे तीन लिटर, हाताने भरतो. मी नसताना धाकटा भाऊ भरतो, परंतु तो विषय वेगळा आहे.

सम्पवाला :
तो विषय मुळीच वेगळा नाही. बाष्पीभवनात पाणी उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून भर आरओ पाण्याचीच घालावी लागते. तुमच्याकडे बदलासाठी कालवलेले खारे पाणी कोठे ठेवलेले असते? भावाने तेच वापरले असेल तर रोज सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत अर्धा किलो मीठ टाकीत जादा गेले. २०० लिटरला ते अडीच पीपीटी होते आणि तुमची १.०२५ ते १.०२७ ही वाढ त्याच्याशी जुळते.

अर्धवट_ओहोटी :
आत्ताच विचारले. दोन सारखेच पांढरे कॅन शेजारी शेजारी असतात आणि कोणता कोणता हे मला माहीत असल्यामुळे त्यांवर मी कधी काही लिहिले नाही. त्याने पाचही दिवस डावीकडचा वापरला. तो खाऱ्या पाण्याचा.

शंकेखोर :
आता घाईने खारटपणा उतरवू नका. टाकीतील पाच लिटर पाणी काढून तेवढेच आरओ पाणी घालणे तीन दिवस करा आणि रोज मोजा. भावाला मात्र मोजणी, डोस किंवा कार्बन यांपैकी काहीही सोपवू नका. कॅनवर नाव, टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ, आणि कागदावर तारीख, किती लिटर व कोणी भरले, एवढे तीन रकाने त्याला पुरे आहेत.

आकडेमोड :
सामाईक तक्ता असता तर बाहेरगावाहूनही दिसले असते.

वहीच_बरी :
काय दिसले असते? रोज तीन लिटर भरले, एवढेच. कोणत्या कॅनमधले, हे तुमच्याही तक्त्यात नसते.

अर्धवट_ओहोटी :
दोन्ही कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि कागद दाराला लावला आहे. त्यावर चौथा रकाना मी वाढवला आहे, कोणता कॅन ते लिहिण्यासाठी. रोज रात्री भाऊ कागदाचे छायाचित्र पाठवील, त्यामुळे तक्ता मी परतल्यावर भरला तरी चालेल. कार्बन आज बदलला आणि ती पहिली तारीख लिहिली. मऊ प्रवाळ अधिक असताना तो तीन आठवड्यांनी बदलावा की महिन्याने, एवढे कोणी शुक्रवारपूर्वी सांगितले तर बरे होईल.