सुरुवातीलाच कळस

सर्वोत्तम प्रसंग आधीच खर्च केला की उरलेला सिनेमा पडतोच, असं काही जण म्हणतात. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) पुरतं पटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईची ती सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं बघितल्यावर शेवटची पुलावरची लढाईसुद्धा कमी वाटते.

पण ‘शोले’ घ्या. मालगाडीवरचा हल्ला अगदी सुरुवातीला, तरी पुढे काही सैल पडत नाही. गब्बरला चांगला तासभर राखून ठेवलाय ना! आधी धाक, मग माणूस.

‘अप’ (२००९) हा ॲनिमेशनपट तर मला सगळ्यात प्रिय. कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चारेक मिनिटांत, एकही संवाद नाही. पुढचे बोलणारे कुत्रे वगैरे मलाही थोडे जास्तच वाटतात. पण कार्ल शेवटाकडे एलीची वही पुन्हा उघडतो, तेव्हा त्या चार मिनिटांचं मोल कळतं. ती आधी आली म्हणूनच हे जमलं.

खरं नुकसान उशिरा येणाऱ्यांमुळे होतं. फाळक्यांनी जिथे सिनेमे काढले त्या आमच्या नाशकातही पहिली दहा मिनिटं मोबाइलच्या उजेडात खुर्च्या शोधण्यात जातात. याचा मला मनापासून राग येतो.