थॉमस ब्यूइकची चित्रं बघायला न्यूकॅसलला जातेय, काय चुकवू नये?

मांजरपाट: मंडळी, पुढच्या महिन्यात लीड्सला बहिणीकडे जातेय, तिथून दोन दिवस न्यूकॅसल. मी हौशी लिनोकटवाली (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून छापते), झाडं नदी डोंगर असलंच कापत बसते. ब्यूइक म्हणजे लाकडावर कोरून चित्रं छापणारा जुना इंग्रज कलाकार, त्याचे पक्षी नेटवर पाहिलेत पण त्याची निसर्गचित्रं कुठे बघायची, आणि पुस्तक कुठलं घेऊ? सोबत ८ वर्षांचे चिरंजीव, म्युझियममध्ये लगेच भुणभुण चालू होते.

शाईचे डाग: चेरीबर्नला जाच! टाइन नदीच्या काठाला मिकली गावाजवळ, १७५३ साली तिथेच जन्मला तो. आता नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी संस्था) आहे, उघडण्याचे दिवस साइटवर बघूनच निघा. पोराला हुंदडायला जागा आहे. तो १४व्या वर्षी न्यूकॅसलला बील्बी नावाच्या एन्ग्रेव्हरकडे (कोरीवकाम करणाऱ्याकडे) उमेदवारीला लागला, १७७६ मध्ये लंडनलाही जाऊन आला पण तिथे काही रमला नाही, वर्षाच्या आत परत, आणि पुढे आयुष्यभर उत्तरेतलाच नदीकाठ, कुंपणं, बर्फ कोरत बसला. मूळ रेखाटनं बघायची तर नॅचरल हिस्टरी सोसायटी ऑफ नॉर्थम्ब्रियाला आधी मेल टाका, त्यांचा संग्रह ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये असतो.

उगाच_एक: पुस्तक म्हणाल तर ब्रिटिश पक्ष्यांचे दोन भाग, १७९७ चा जमिनीवरच्या पक्ष्यांचा आणि १८०४ चा पाणपक्ष्यांचा. विकत घ्यायच्या आधी इंटरनेट आर्काइव्हवर फुकट चाळा. आणि माझं ऐका, पक्षी राहू देत बाजूला, पानाच्या शेवटी उरलेल्या जागेत जी दोन-तीन इंचांची चित्रं आहेत ना ती बघा, खरा ब्यूइक तिथे आहे. एक बाबा पुलाचा टोल वाचवायला गायीचं शेपूट धरून नदीत उतरलाय आणि त्या नादात टोपी गेली उडून! टोल चुकवणारे तेव्हाही होतेच 😄 मुलाला अशी चित्रं शोधायला लावा, भुणभुण बंद.

शाईचे डाग: +१. आणि लिनोवाल्यांसाठी: तो बॉक्सवुड या घट्ट लाकडाचं खोड आडवं कापून त्या तोंडावर कोरायचा, त्यामुळे ब्युरिन (कोरायचं टोकदार हत्यार) कुठेही वळवा, रेषा अडत नाही. काळ्यातून पांढरं काढायचं हे तर तुम्ही करताच. खरी गंमत लांबच्या डोंगराची आहे, तो फिका यावा म्हणून ब्लॉकचा तेवढा भाग आधीच किंचित खाली तासलेला असायचा, म्हणजे छापताना तिथे दाब कमी, शाई हलकी. ब्लॉकची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांएवढीच, म्हणून चित्र न् मजकूर एकाच दाबात छापून निघायचं, तांब्याच्या प्लेटला वेगळा प्रेस लागायचा. पुस्तकं सचित्र करणं त्यामुळेच परवडायला लागलं.

मांजरपाट: तासायची आयडिया भारीच, आज रात्रीच लिनोवर सॅंडपेपर मारून बघते. भिंग न्यावं का? माझ्याकडे दहापटीचं आहे.

उगाच_एक: न्याच, पण पाचपटीचं. दहापटीत नुसत्या रेघा दिसतात, गाय दिसत नाही.