खायच्या सोड्यात लाल लिटमस निळा का होत नाही?

सातवीच्या बाई:
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी आम्ल-आम्लारीचा प्रयोग घेतला. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, तिन्हींत लिटमसची (आम्लात लाल, आम्लारीत निळा होणाऱ्या कागदाची) निळी पट्टी लगेच लाल झाली. चुन्याच्या निवळीत लाल पट्टी टेकवली तर निळीशार. मुलं अगदी टेबलावर चढायच्या बेतात होती. मग पेलाभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळवला, आणि लाल पट्टी काही निळी होईना. वांग्याच्या सालीसारखी जांभळट झाली आणि तशीच राहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, सोडा आम्लारीच आहे ना? मग असं का?" सोमवारी सांगते म्हणाले. पट्ट्यांची डबी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीशेजारी असते, झाकणही सैल आहे. त्यामुळे तर नसेल?

अनामिक_८२:
पट्ट्या जुन्या झाल्यात. नवीन पाकीट आणा.

प्रयोगशाळेतला काका:
बाई, पट्ट्या फेकू नका. आम्लाची वाफ लागली असती तर डबीतल्या निळ्या पट्ट्या आधीच गुलाबी पडल्या असत्या. शिवाय चुन्याच्या निवळीत तुमची लाल पट्टी व्यवस्थित निळी झाली आहे. डबी मात्र आजच दुसऱ्या कपाटात हलवा.

मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्रावणं बनवली. लिटमसचा रंग एका क्षणात पालटत नाही. सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारी ते सांगणारा आकडा) साधारण ४.५ च्या खाली असला की पूर्ण लाल, ८.३ च्या वर पूर्ण निळा, मधे जांभळा. खायच्या सोड्याचा सामू ८.३ च्याच आसपास, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. चुन्याची निवळी १२ च्या घरात, म्हणून तिथे झटकन निळा दिसला.

लिटमसमधला रंग हा स्वतःच एक सौम्य आम्ल आहे. त्याच्या रेणूवर हायड्रोजन चिकटलेला असेपर्यंत तो लाल दिसतो. आम्लारीनं तो काढून घेतला की रेणू वेगळा प्रकाश शोषतो आणि निळा दिसतो. तुमच्या सोड्यात काही रेणूंचा हायड्रोजन गेला, काहींचा राहिला. लाल आणि निळं मिसळून जांभळं. हा रंग दगडफुलातून काढतात, हेही मुलांना सांगा. काळ्या मसाल्यातलं दगडफूल त्याच गटातलं, फक्त लिटमसची जात वेगळी.

आता मुलाला उत्तर हातात द्या. तोच सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर पंधरा मिनिटं हलवत तापवा. पूड उकळल्यासारखी हलेल: कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते, मागे धुण्याचा सोडा उरतो. पूर्ण गार झाल्यावर पाण्यात घाला, सामू ११ च्या आसपास जाईल. हाताला झोंबतो, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका, आणि ती पूड स्वयंपाकात परत नको.

सातवीच्या बाई:
काका, केलं! तवा घरूनच नेला. पूड खरंच आधणासारखी हलत होती, पोरं श्वास रोखून बघत होती. गार झाल्यावर दोन पेले शेजारी ठेवले, एकात साधा सोडा, दुसऱ्यात तापवलेला. एकाच लाल पट्टीचे दोन तुकडे केले. पहिला पुन्हा वांग्यासारखा, दुसरा गडद निळा. त्या मुलानं लगेच विचारलं, "मग चिमूटभर तापवलेला सोडा साध्यात घातला तर?" मी चमचा त्याच्याच हातात दिला. तीन चिमटींनंतर त्यात बुडवलेली नवी लाल पट्टी निळी झाली. आधीचे दोन्ही तुकडे वाळवून त्यानं वहीत चिकटवलेत, खाली शाईनं ८.३ आणि ११ लिहिलंय.