मदत हवी आहे: कन्व्हर्टिबल डिबेंचर आले की आमच्या शेअरचं काय होतं?

रावपुराकर: नमस्कार मंडळी. मकरपुऱ्यातल्या एका लिस्टेड कंपनीचे २००० शेअर आईच्या डिमॅटमध्ये आहेत. सभेची नोटीस आली आहे. प्रवर्तकांना (कंपनीच्या मुख्य मालकांना) २० कोटींचे ऐच्छिक कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे हवं तर पुढे शेअरमध्ये बदलून घेता येणारे कर्जरोखे, द्यायचे आहेत: व्याज ९ टक्के, मुदत १८ महिने, रूपांतराचा भाव ८० रुपये. सध्या एकूण शेअर १ कोटी, प्रवर्तकांकडे ४५ टक्के, निव्वळ नफा ८ कोटी, बाजारभाव ७६. मत होकाराचं द्यावं की नकाराचं?

हिशेबी: २० कोटी भागिले ८०, म्हणजे २५ लाख नवे शेअर. आईंचा वाटा ०.०२ वरून ०.०१६ टक्क्यावर येईल. त्या आकड्यावर झोप घालवू नका. ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफा, बघा. आज ८ रुपये आहे. सव्वा कोटी शेअरवर तोच टिकवायचा तर नफा १० कोटी हवा, म्हणजे या २० कोटींनी कर जाऊन वर्षाला २ कोटी कमवायला हवेत. पैसे नुसते बँकेत पडून राहिले तर तेवढे सुटणार नाहीत.

आणि रूपांतर होईपर्यंत वर्षाला १.८० कोटी व्याज जाणार. डायल्यूटेड ईपीएस (पुढे होऊ शकणारे शेअरही धरून येणारा) काढताना हे व्याज, करबचत वजा करून, नफ्यात परत मिळवतात आणि मग सव्वा कोटीने भागतात. बरेच जण नुसता भागाकार करतात, तिथेच गणित चुकतं.

रावपुराकर: पण भाव ८० च्या वर गेला तर आपल्यालाही फायदाच ना?

हिशेबी: होईल, पण पूर्ण नाही. समजा रूपांतराआधी शेअर १२० ला गेला. १२० कोटींची कंपनी, त्यात फिटलेलं २० कोटींचं कर्ज मिळवा, भागिले सव्वा कोटी: ११२ रुपये. तुमच्या शेअरमागे ८ रुपये त्यांच्या खिशात. भाव ८० च्या खाली राहिला तर ते रूपांतर करणारच नाहीत. १८ महिन्यांनी कंपनीने २० कोटी रोख परत करायचे, आणि कंपनी बुडाली तर त्यांचा नंबर तुमच्या आधी.

अलकापुरी_सीए: एक भर. सक्तीचे कन्व्हर्टिबल असते तर इंड एएस ३३ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे ते शेअर पहिल्या दिवसापासून बेसिक, म्हणजे साध्या ईपीएसमध्येच धरले असते. इथे ऐच्छिक आहेत, म्हणून फक्त डायल्यूटेडमध्ये.

मला खटकतंय ते वेगळंच. ४५ अधिक २५, असे ७० लाख भागिले सव्वा कोटी, म्हणजे प्रवर्तक ५६ टक्क्यांवर. २५ टक्क्यांच्या वर असलेल्याने एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वाढ केली तर ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घ्यायचा खुला प्रस्ताव, द्यावी लागते. तुकड्यातुकड्यांनी, मार्चच्या अलीकडे-पलीकडे रूपांतर केलं की ती बरीचशी टळते. नोटिशीच्या स्पष्टीकरणात आधीचा-नंतरचा शेअरहोल्डिंग तक्ता आणि पैशांचा हेतू असतो, दोन्ही वाचा.

ठराव विशेष आहे, होकार नकाराच्या किमान तिप्पट लागतो. प्रवर्तकांच्या ४५ लाखांशिवाय कुणीच होकार दिला नाही, तर १५ लाखांहून जास्त नकारांनी ठराव पडतो. डिबेंचरवर मतदानाचा हक्क नसतो, तो रूपांतरानंतरच.

रावपुराकर: तक्ता सापडला, ५६ टक्केच आहे. हेतूत 'खेळतं भांडवल व इतर कामकाज' एवढंच लिहिलंय.

अलकापुरी_सीए: मग कंपनी सेक्रेटरींना आजच मेल टाका: किती रक्कम कशाला आणि कधी. पत्ता नोटिशीतच असतो. उत्तर आल्याशिवाय बटण दाबू नका, दिलेलं मत बदलता येत नाही. ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं.