व्हीपोर्ट तयार होतो, पण एलयूएन दिसत नाही

प्रश्न:
लिनक्स केव्हीएम होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) दोन पोर्टांचा फायबर चॅनल एचबीए (स्टोरेज नेटवर्कचं कार्ड) आहे, दोन्ही पोर्ट वेगवेगळ्या फॅब्रिकला (स्विचांचं जाळं). दोन्हींवर एनपीआयव्ही (एका फिजिकल पोर्टवर अनेक आभासी पोर्ट चालवण्याची सोय) वापरून व्हीपोर्ट, म्हणजे आभासी पोर्ट, केले. 'व्हीपोर्ट_क्रिएट' फाइलमध्ये लिहिताना एरर नाही, होस्ट ८ आणि होस्ट ९ दिसू लागले. पण ८ ऑनलाइन असूनही एलयूएन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दिसत नाही आणि ९ ऑनलाइनच होत नाही. फिजिकल पोर्टवरून स्टोरेज व्यवस्थित दिसतं. चुकतंय कुठे?

उत्तर १:
हे दोन वेगळे आजार आहेत. आधी ९ बघा. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींतून दाखवणारी जागा) 'एफसी_व्हीपोर्ट्स'खाली 'व्हीपोर्ट_स्टेट' काय म्हणतं?
'लिंकडाउन' असेल तर फिजिकल पोर्टच तपासा. 'फॅब्रिक रिजेक्टेड डब्ल्यूडब्ल्यूएन' असेल तर बहुधा तोच डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख-क्रमांक) फॅब्रिकमध्ये आधीच लॉगिन आहे. 'नो फॅब्रिक रिसोर्सेस' असेल तर स्विचपोर्टची लॉगिन मर्यादा बघा. ब्रोकेडच्या स्विचवर ती मुळात १२६ असते.

प्रश्नकर्ता:
'नो फॅब्रिक सपोर्ट' येतंय.

उत्तर १:
मग स्विचवर एनपीआयव्ही बंद आहे. फिजिकल पोर्ट फ्लोगी (फॅब्रिकमधलं पहिलं लॉगिन) करतो, व्हीपोर्ट एफडिस्क (त्याच पोर्टवरून जादा लॉगिन) करतो, आणि एफडिस्क चालेल की नाही हे स्विच फ्लोगीच्या उत्तरातच कळवतो. म्हणून ब्रोकेडवर 'पोर्टसीएफजीएनपीआयव्हीपोर्ट'ने त्या पोर्टवर, किंवा सिस्को एमडीएसवर 'फीचर एनपीआयव्ही'ने सबंध स्विचवर, ते चालू करा आणि पोर्ट एकदा डिसेबल-एनेबल करा. तेवढा वेळ तो पाथ जाईल, तेव्हा मल्टिपाथचा (एकाच स्टोरेजकडे अनेक वाटा ठेवण्याची सोय) दुसरा पाथ जिवंत आहे ना ते आधी बघून घ्या.
सिस्कोवर एनपीव्ही मोड मात्र चुकूनही चालू करू नका. नाव सारखं, काम निराळं. कॉन्फिगरेशन पुसून स्विच रीबूट होतो.

उत्तर २:
आता ८. फिजिकल पोर्टचं झोनिंग (कोणी कोणाशी बोलायचं हे स्विचवर ठरवणं) व्हीपोर्टला लागू होत नाही, स्टोरेजच्या दृष्टीने तो नवाच इनिशिएटर (डेटा मागणारा). त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन झोनमध्ये घाला, अ‍ॅरेवर एलयूएन मास्किंगमध्येही (कोणाला कोणता एलयूएन दाखवायचा ती यादी) घाला. झोनिंग स्विचपोर्टच्या क्रमांकावर असेल तर फक्त मास्किंग राहिलंय. मग 'एससीएसआय_होस्ट'खाली होस्ट ८ च्या 'स्कॅन' फाइलमध्ये तीन डॅश, मध्ये स्पेस देऊन, लिहा.
एवढ्यानेही दिसलं नाही तर 'व्हीपोर्ट_क्रिएट'मध्ये लिहिताना क्रम उलटा झालाय का बघा: आधी डब्ल्यूडब्ल्यूपीएन, मग कोलन, मग डब्ल्यूडब्ल्यूएनएन (नोडचा ओळख-क्रमांक); प्रत्येकी १६ हेक्स अंक. उलटं लिहिलं तरी कर्नल मुकाट्याने घेतो. 'पोर्ट_नेम' वाचलं की कळतं.

उत्तर ३:
'व्हीपोर्ट_क्रिएट'ने केलेलं रीबूटनंतर राहत नाही. लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन) एससीएसआय स्टोरेज पूल करा, अ‍ॅडाप्टरचा प्रकार 'एफसी_होस्ट', आणि ऑटोस्टार्ट लावा. पेरेंट (ज्यावर व्हीपोर्ट उभा आहे तो फिजिकल पोर्ट) म्हणून 'होस्ट५' असं नाव देऊ नका, रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो. पेरेंटचे डब्ल्यूडब्ल्यूएनएन-डब्ल्यूडब्ल्यूपीएन द्या.
आणि एकाच फिजिकल पोर्टवर दोन व्हीपोर्ट म्हणजे रिडंडन्सी नव्हे. केबल एकच, बँडविड्थही तीच.
काढताना आधी अनमाउंट, मग मल्टिपाथ फ्लश, मग 'व्हीपोर्ट_डिलीट'मध्ये तीच जोडी त्याच क्रमाने.